कोरियन भयपटांतील ‘ती’ सूड का उगवते? वाचा सविस्तर

पांढरी शोकवस्त्रे, मोकळे सोडलेले लांब केस... कोरियाच्या जुन्या काळावरील भयपटांतील ही भुताची ठरलेली ओळख. अन्यायाने मेलेल्याच्या अशा आत्म्याला तिथे ‘वॉनहोन’ म्हणतात.

तिला नेमके काय हवे असते?
जोसोन राजवटीतील (१३९२-१९१०) एका लोककथेत सावत्र आईच्या कारस्थानाला बळी पडलेल्या जांगह्वा आणि होंग्र्यॉन या बहिणी थेट अधिकाऱ्यासमोर प्रकटतात. आधीचे अधिकारी भीतीनेच मरतात. एक मात्र धीराने ऐकून घेतो, चौकशी लावतो. दोषींना शिक्षा होताच भुते शांत होतात.

या कथेवर १९२४ मध्ये मूकपट आला. २००३ चा ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ही तिच्यावरच बेतलेला.

थोडक्यात, हे भूत म्हणजे जिवंतपणी कुणीच न ऐकलेली तक्रार.