गॅरेजचा दिवा : बल्ब बदलू नका, होल्डर पाहा
(अमेरिकेतलं घर, आपले हात – लेखांक ९)

मागच्या आठवड्यात गॅरेजच्या दाराचे सेन्सर पुसून समोरासमोर कसे आणायचे ते पाहिलं. आज ते दार उघडणाऱ्या यंत्रातला दिवा.

छताला टांगलेल्या मोटरच्या डब्यातला हा दिवा दार उघडताच लागतो आणि चार-पाच मिनिटांनी आपला आपण विझतो. न्यू जर्सीत डिसेंबरमध्ये पाचच्या आधीच अंधारतं, तेव्हा त्याची किंमत कळते. गेल्या हिवाळ्यात आमचा दिवा लुकलुकायला लागला. बल्ब बदलला, पुन्हा तेच. डब्यावर थाप मारली की उजेड यायचा. थापेने दिवा लागत असेल, तर होल्डरवर संशय घ्यावा.

भारतात आपल्याला दाबून फिरवायचा, पिनांचा बल्ब सवयीचा. त्याच्या होल्डरमधल्या स्प्रिंगा बल्बला सतत रेटून धरतात. अमेरिकेतला बल्ब आट्यांचा, २६ मिलिमीटर व्यासाचा. इथे होल्डरच्या तळाशी वाकवलेली एक धातूची पत्री असते आणि तिचा ताण हाच काय तो आधार. बल्ब फार आवळला की पत्री चेपते. त्यात मोटर दर वेळी हादरते, बल्ब आट्यांतून किंचित सुटतो. संपर्क अर्धवट झाला की तिथे ठिणगी पडते, पत्री तापते, काळवंडते, तिचा ताण जातो आणि संपर्क आणखी बिघडतो. मर्यादेपेक्षा जास्त वॅटचा बल्ब लावला असेल, तर होल्डरचं प्लॅस्टिकही ठिसूळ होतं.

पत्री उचकटून वर काढली की दिवा लागतो. पण तापून ताण गेलेली पत्री पुन्हा बसते. त्यापेक्षा यंत्राचा मॉडेल क्रमांक पाहून तसाच होल्डर मागवावा.

आधी एक परीक्षा. यंत्राला दोन दिवे असतील, दार चालवताना डब्यातून दिवा चालू-बंद करणाऱ्या रिलेचा ‘टक’ असा आवाज येत असेल आणि त्यांतला एकच दिवा लागत नसेल, तर दोष होल्डरचा किंवा त्याच्या तारेचा. दोन्ही दिवे एकदम गेले, तर सर्किट बोर्ड तपासायला हवा. होल्डर बदलून उपयोग नाही.

आता शिडीवर चढून छतातला प्लग काढा. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे वीज गेली असं नाही. झाकण उघडल्यावर तारांचा फोटो घ्या. इथे आपल्या लोकांनी विशेष जपावं: भारतातल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रलची असे, अमेरिकेत घरच्या वायरिंगमध्ये काळी फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. यंत्राच्या आत रंग वेगळेही असू शकतात, म्हणून रंगावर न जाता जुनी तार जिथे होती तिथेच नवी लावा. फेज तळाच्या पत्रीला, न्यूट्रल आट्यांच्या कवचाला. उलट झालं तरी दिवा लागेल, पण बल्ब फिरवताना कवचाला बोट लागलं तर १२० व्होल्टचा झटका बसेल.

एलईडी बल्ब लावणार असाल, तर गॅरेज ओपनरसाठीचा म्हणून विकला जाणारा घ्या. साध्या एलईडीतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे रेडिओलहरींत गोंधळ होतो आणि रिमोट लांबून चालेनासा होतो.

शिडीवर आहातच म्हणून दारावरच्या जाड स्प्रिंगला मात्र हात लावू नका. ती दाराचं सगळं वजन पेलत ताणलेली असते. तिचं काम जाणकारानेच करावं.

सगळं बसवून प्लग लावल्यावर दार आठ-दहा वेळा वर-खाली करा. दिवा एकदाही लुकलुकला नाही, तर शिडी घडी करून ठेवायला हरकत नाही.