मेक मॉड तापतोय? कॉइल बदलण्याआधी सेल बघा

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री माझा आतेभाऊ हुडकेश्वरला आमच्या घरी आला. गच्चीवर गेल्यावर त्याने खिशातून पितळेची एक नळी काढली. "दादा, हे काऊन एवढं तापून राहिलं? अन् धूर बी कमी येऊन राहिला." हातात घेतली तर चहाने भरलेल्या स्टीलच्या ग्लासासारखी गरम. मी दिवसभर कोड लिहितो, हार्डवेअरशी माझा संबंध कॉलेजनंतर संपला. पण भावंडांच्या लेखी इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. मिक्सरपासून कूलरच्या मोटरपर्यंत सगळं आपल्याकडेच येतं.

ही नळी म्हणजे मेकॅनिकल मॉड, म्हणजे वेपचा सगळ्यात साधा प्रकार. धातूच्या नळीत एक 18650 सेल (18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब), वर तारेची कॉइल, खाली बटण. बस. आत चिप नाही, फ्यूज नाही, काहीच नाही. तुमचा फोन तापला की तो स्वतःच चार्जिंग हळू करतो, स्क्रीन मंद करतो, फारच तापला तर बंद होतो, कारण त्याच्या बॅटरीजवळ तापमान मोजणारा सेन्सर आणि करंट तोडणारं सर्किट असतं. मेक मॉडमध्ये ते काम करणारं कोणी असेल तर ते तुम्ही स्वतः.

आता भावाचा बेत ऐका. धूर कमी येतो म्हणून तो कॉइल आणखी कमी ओहमची करणार होता. त्याची कॉइल होती साधारण 0.2 ओहमची. (साध्या मल्टिमीटरने हे मोजताना आधी दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना लावून बघा. माझा मीटर तिथेच 0.3 दाखवतो, तेवढं वजा करावं लागतं.) फुल चार्ज सेल 4.2 व्होल्टचा. बारावीतला ओहमचा नियम लावला तर 4.2 भागिले 0.2, म्हणजे 21 अँपिअर. चांगला हाय-ड्रेन सेल सलग 20 अँपिअरच्या आसपास देतो. भावाचा सेल कुठला, तर मित्राने लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढून दिलेला. असे सेल साधारण पाचेक अँपिअरसाठी बनलेले असतात.

पण खरी गोम पुढे आहे. सेललाही स्वतःचा आतला रोध असतो. नव्या हाय-ड्रेन सेलचा 0.02-0.03 ओहम, म्हाताऱ्या सेलचा सहज 0.1 होतो. तो धरला तर एकूण रोध 0.3 ओहम आणि करंट 14 अँपिअर. कॉइलवर 39 वॅट, आणि सेलच्या पोटात जवळजवळ 20 वॅट. कॉलेजच्या लॅबमधला सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचा असायचा, म्हणजे अंदाज घ्या. धूर कमी येण्याचं कारणही हेच: वीज कॉइलवर पोचायच्या आधी एक तृतीयांश आतच जळत होती.

आता कॉइल 0.1 ची केली तर? एकूण रोध 0.2, करंट 21. कॉइलवर 39 चे 44 वॅट होतात, जेमतेम पाचची वाढ. सेलमध्ये मात्र 20 चे 44! धूर होता तेवढाच, आणि बॉम्ब दुप्पट गरम. मोबाइलच्या मागच्या बाजूला मी हे आकडे मांडून दाखवले तेव्हा भाऊ पहिल्यांदा गप्प झाला.

नळी कुठे तापते यावरून बरंच कळतं. फक्त वरचं टोक गरम असेल तर ती कॉइलची उष्णता, ती राहणारच. बटणाकडची बाजू तापत असेल तर तिथले धागे किंवा संपर्काची जागा काळी पडली असेल, नाहीतर स्प्रिंग बसली असेल. अशी स्प्रिंग खिशातही बटण दाबूनच ठेवते. मधली नळी तापते म्हणजे सेल झेपेनासा करंट देतोय. आणि बटणाला हात न लावता तापते म्हणजे शॉर्ट. भावाच्या सेलचं प्लास्टिकचं वेष्टण वरच्या बाजूला फाटलेलं होतं. या सेलचा अख्खा डबा निगेटिव्ह असतो. फक्त वरची बारकी टोपी पॉझिटिव्ह. मध्ये काही मिलिमीटरचं अंतर, आणि भोवती धातूची नळी.

सेलच्या आतला प्लास्टिकचा पातळ पडदा साधारण 130 अंशांच्या आसपास वितळतो. त्यानंतर सेल स्वतःच स्वतःला तापवत जातो, गॅस सोडतो, आणि नळीला पुरेशी भोकं नसतील तर ती नळी म्हणजे बंदुकीची नळी. मे 2018 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला 38 वर्षांचा एक माणूस असाच गेला. वेपचा तुकडा त्याच्या डोक्यात घुसला होता.

म्हणून बटण न दाबताही तापत असेल तर आधी दुरुस्तीचा विचार सोडा. हाताला सहन होत नसेल किंवा फुसफुस आवाज येत असेल तर उघडायला जाऊ नका. उघड्या जागी फरशीवर किंवा मातीत ठेवा आणि लांब व्हा. नुसती कोमट असेल तर तोंड दुसरीकडे करून टोपी सैल करा, सेल बाहेर काढा.

"मंग चांगला सेल घेऊन टाकू का?" हा त्याचा पुढचा प्रश्न. माझं उत्तर नाही. 2019 पासून आपल्याकडे ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्यावर कायद्याने बंदी आहे. म्हणजे हा माल येतो तो बिलाशिवाय, आणि बिघडला तर विचारायला दुकानदार नाही. सेलचं तर विचारूच नका. वेष्टणावर 9900 एमएएच छापलेले 18650 ऑनलाइन सर्रास दिसतात. खरे चांगले सेल 3500 च्या आसपास थांबतात. क्षमतेत जो एवढं खोटं बोलतो, तो अँपिअरमध्ये खरं बोलेल? वर नागपूरचा मे महिना. बाइकच्या डिक्कीत नळी ठेवली तर सेल काही न करताच तापलेला.

सेल थंड झाल्यावर मी त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप लावला आणि ई-कचऱ्यात द्यायला वेगळ्या डब्यात ठेवला. घंटागाडीत टाकायचा नाही, तिथे तो दाबला जातो. मग भावाला खिसे रिकामे करायला सांगितलं. उजव्या खिशात बाइकची किल्ली आणि सुट्ट्या नाण्यांबरोबर आणखी एक सेल निघाला. त्यालाही टेप लावला.