कॅमेरा पाहतो, पण जपतो कोण?

बाल्टिक समुद्रातल्या युजडोम बेटावर पेनेम्युंडे नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य तिथे व्ही-2 रॉकेटच्या चाचण्या घेत होतं. अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजन भरलेलं हे अजस्र रॉकेट आकाशात जाईल की जागच्या जागी फुटेल, याची खात्री कुणालाच नसे. जवळ उभं राहून बघणं जिवावर बेतलं असतं. म्हणून 1942 मध्ये वाल्टर ब्रुख या अभियंत्याने उड्डाणतळाजवळ दूरचित्रवाणीचे कॅमेरे बसवले आणि त्यांचं चित्र केबलने सुरक्षित अंतरावरच्या पडद्यावर आणलं. पुढे रंगीत टीव्हीची 'पाल' पद्धत शोधली ती याच ब्रुखने. 1982 मध्ये दूरदर्शन रंगीत झालं ते त्याच पद्धतीवर.

आज ज्याला आपण सीसीटीव्ही म्हणतो त्याची सुरुवात सहसा इथून मोजतात. पण पेनेम्युंडेच्या त्या कॅमेऱ्यांना स्मरणशक्ती नव्हती. पडद्यासमोरच्या माणसाने पाहिलं तेवढंच. नजर हटली की दृश्य गेलं. या यंत्राचा पुढचा इतिहास मला पाहण्याचा कमी आणि जपण्याचा जास्त वाटतो. जपलेलं कुणाच्या ताब्यात असतं, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

चित्र फितीवर साठवता येऊ लागलं 1956 मध्ये, अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीच्या यंत्रामुळे. पण कपाटाएवढं ते यंत्र टीव्ही केंद्रांनाच परवडे. त्यामुळे कॅमेरा घरापर्यंत आला तेव्हाही तो नुसता पाहणाराच होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या कृष्णवर्णीय परिचारिकेने 1966 मध्ये पती अल्बर्ट यांच्यासह घरसुरक्षेच्या यंत्रणेसाठी पेटंटचा अर्ज केला. 1969 च्या डिसेंबरमध्ये ते मंजूर झालं. तिच्या कामाच्या वेळा अवेळी, वस्तीत गुन्हेगारी, आणि बोलावल्यावर पोलीस लवकर येत नसत. तिने दारात वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं कल्पिली. कॅमेरा वर-खाली सरकून त्यांतून पाहणार, चित्र झोपण्याच्या खोलीतल्या पडद्यावर येणार, बाहेरच्याशी बोलता येणार, बटण दाबून कुलूप उघडता येणार किंवा मदतीची हाक देता येणार. आजच्या व्हिडिओ डोअरफोनमध्ये यातलं जवळजवळ सगळं आहे. या इतिहासात मला सर्वांत आपलं वाटणारं माणूस हीच बाई. राज्यसंस्थेने प्रजेवर ठेवलेली नजर ती नव्हती. एकट्या पडलेल्या नागरिकाने स्वतःसाठी उभी केलेली ती व्यवस्था होती.

कॅमेऱ्याला खरी स्मरणशक्ती दिली व्हिडिओ कॅसेटने. जेव्हीसीची व्हीएचएस 1976 मध्ये आली आणि बँका, दुकानं, रेल्वे स्थानकं रेकॉर्डिंग करू लागली. पण तीन तासांच्या कॅसेटवर दिवसाचे चोवीस तास मावणार कसे? त्यासाठी टाइमलॅप्स रेकॉर्डर आले. ते फीत थांबत थांबत पुढे सरकवत आणि सेकंदाला 25 चित्रांऐवजी जेमतेम काही चित्रं टिपत. त्यात मल्टिप्लेक्सर लावून सोळा कॅमेरे एकाच फितीवर घेतले, की एकेका कॅमेऱ्याच्या वाट्याला काही सेकंदांनी एक चित्र येई. तेवढ्या वेळात खिसा कापून माणूस गर्दीत मिसळू शके. शिवाय तीच कॅसेट आठवड्यामागून आठवडे पुसून वापरली जाई, फीत झिजे आणि चेहरे धुरकट होत जात.

त्या धुरकटपणाची किंमत 1993 च्या फेब्रुवारीत साऱ्या ब्रिटनने पाहिली. लिव्हरपूलजवळच्या बूटल इथल्या खरेदी संकुलातून दोन मुलं एका दोन वर्षांच्या बाळाला हात धरून घेऊन गेली. कॅमेऱ्याने ते टिपलं, पण अस्पष्ट. ही मुलं तेरा-चौदा वर्षांची असावीत असं आधी वाटलं. प्रत्यक्षात ती दहा वर्षांची निघाली. बाळाचा खून झाला होता. कॅमेऱ्याने काहीही थोपवलं नव्हतं, तरी ते चित्र टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं आणि लोकांच्या मनात कॅमेरा म्हणजे संरक्षण हे समीकरण घट्ट झालं. पुढच्या काही वर्षांत ब्रिटिश गृहखात्याने शहरोशहरी कॅमेऱ्यांसाठी सढळ हाताने अनुदान दिलं. त्या दुःखाबद्दल पूर्ण आदर ठेवूनही मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. पुरावा मिळणं वेगळं आणि गुन्हा टळणं वेगळं.

तंत्र मात्र झपाट्याने बदलत होतं. कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळ्यांची जागा सीसीडी या चिपने घेतली. 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये ती कल्पिणारे विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांना 2009 चं नोबेल मिळालं. स्वीडनमधल्या लुंड शहरातल्या अ‍ॅक्सिस कंपनीने 1996 मध्ये थेट संगणक-जाळ्याला जोडता येणारा कॅमेरा आणला. तो सेकंदाला एखादंच लहानसं चित्र देई, पण चित्र पाहण्यासाठी त्याच इमारतीत असण्याची गरज त्याने संपवली.

फितीची जागा हार्ड डिस्कने घेतली. 2003 साली आलेल्या एच.264 सारख्या पद्धती प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच मुख्यतः नोंदवतात. म्हणून रात्रीच्या रिकाम्या पार्किंगला जागा कमी लागते, तर बाजारपेठेच्या चौकाला किंवा पावसात हलणाऱ्या फांद्यांना जास्त. एक साधा हिशेब मांडू. एक कॅमेरा सेकंदाला 2 मेगाबिट या वेगाने लिहीत असेल, तर दिवसाला सुमारे 21 जीबी लागतात. चार कॅमेरे आणि एक टीबीची डिस्क असेल, तर साधारण बारा दिवसांत ती भरते. मग डीव्हीआर, म्हणजे डिस्कवर चित्रण साठवणारं यंत्र, सर्वांत जुन्या चित्रणावर नवं लिहू लागतो, कुणालाही न विचारता.

महाराष्ट्रात ही यंत्रणा मोठ्या प्रमाणावर आली ती 26/11 च्या हल्ल्यानंतर. त्या हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबईत कॅमेऱ्यांचं जाळं उभारायला सांगितलं. निविदांचे फेरे होत होत ते कार्यान्वित व्हायला 2016 उजाडलं. सुमारे दीड हजार ठिकाणी साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे बसले. पण चित्रण आणि सत्ता यांचं नातं समजून घ्यायला मी जालन्याकडे बोट दाखवेन.

2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा 296 मतांनी पराभव केला. वाद होता घड्याळाचा. 27 सप्टेंबरला उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरायचे होते, आणि खोतकरांचे अर्ज तीननंतर आले असा आरोप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आत-बाहेर व्हिडिओ कॅमेरे होते. म्हणजे उत्तर चित्रणात होतं. ते न्यायालयात मांडायला पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खालचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये चित्रण ग्राह्य धरून निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी खोतकरांचं अपील फेटाळलं. प्रमाणपत्र सक्तीचंच, पण पक्षकाराने शक्य ते सगळं केलं आणि अधिकाऱ्याने दिलंच नाही, तर कायदा अशक्य गोष्ट मागत नाही, असा तो निकाल. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून गेली होती. आज देशभर डिजिटल पुराव्याच्या वादात हा जालन्याचा खटला आधाराला घेतला जातो.

2020 मध्येच 2 डिसेंबरला परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह टिपणारे कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. तशी यंत्रं मिळत नसतील तर किमान एक वर्ष. या साऱ्या इतिहासातला मला हा सर्वांत न्याय्य वापर वाटतो, कारण इथे कॅमेरा सत्ताधाऱ्याकडे वळला. याउलट चेहरा ओळखणारी यंत्रणा. धूसर चित्रावरून तिने सुचवलेलं नाव खरं मानून 2020 च्या जानेवारीत डेट्रॉइट पोलिसांनी एका निरपराध माणसाला त्याच्या घरासमोर, बायको-मुलींच्या देखत बेड्या घातल्या. अशा यंत्रांच्या सांगण्यावर कुणाचीही अटक होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. अपघात, चोरी, मारहाण, काहीही घडलं, तर चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज पहिल्या दोन-तीन दिवसांत द्या. त्यात तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा लिहा, आणि पोच घ्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र हॅश मूल्यासह, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळता येणाऱ्या सांकेतिक आकड्यासह, मागा. सोसायटीच्या कमिटीत असाल, तर नवा कॅमेरा घेण्याआधी डीव्हीआरमध्ये किती दिवसांचं चित्रण टिकतं ते तपासा, आणि त्याचं घड्याळ बरोबर चालतंय ना, तेही पाहा.