चुंबकाची ढवळणी



दारूबंदीच्या सभांतून बोलण्यात माझी अर्धी हयात गेली. माझे वडील हातभट्टीच्या पायी वयाच्या ४२व्या वर्षी गेले आणि मला नववीतून शाळा सोडून मोटार-वाइंडिंगच्या खात्यात उमेदवारी पत्करावी लागली. असा माणूस घरी बियर करणाऱ्यांच्या एका यंत्राविषयी बोलणार, हे ऐकून व्याख्यानमालेच्या चालकांनी एकमेकांकडे पाहिले, ते माझ्या ध्यानात आले. म्हणून प्रथमच सांगून टाकतो. आपल्या राज्यात १९४९च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून घरी बियर करणे हा गुन्हा आहे आणि तो करा असे सांगावयास मी आलेलो नाही. मला सांगावयाचे आहे ते त्या यंत्राविषयी. अमेरिकेत मिल्वॉकी येथे माझा पुतण्या असतो. त्याच्या घराच्या तळघरात ते मी पाहिले, आणि त्याला थोडा हातही लावला.

तिकडे या छंदाला कायद्याची मुभा आहे, पण ती फार जुनी नव्हे. १९३३ साली अमेरिकेतील दारूबंदी उठली तेव्हा घरी द्राक्षमद्य करण्यास परवानगी मिळाली, बियर मात्र राहून गेली. ती उणीव भरून निघावयास १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष कार्टर यांनी सही केली, आणि दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५० लिटर, करमुक्त बियर स्वतःपुरती करण्याची मोकळीक मिळाली. विकावयाची मात्र नाही. त्या सुमारास साऱ्या देशात बियरचे कारखाने शंभराच्याही आत उरले होते. आज ते ९,०००च्या वर आहेत, आणि त्यांतील कित्येकांचे मालक मूळचे असे घरगुती हौशी लोकच.

आता मूळ मुद्दा. दही लावताना विरजण कमी पडले तर काय होते, हे येथे बसलेल्या भगिनींना मी सांगावयास नको. दूध धड दूध राहत नाही, धड दही होत नाही, आणि मधल्या वेळात भलताच जंतू शिरून ते नासते. बियरचेही तसेच. मोड आणून भाजलेल्या जवाचा, म्हणजे माल्टचा, गोड काढा हॉप नावाच्या कडवट फुलांबरोबर उकळून निववितात आणि त्यात यीस्ट सोडतात. दह्याचे विरजण जिवाणूंचे. हे विरजण एकपेशी बुरशीचे. या विरजणाचे माप लोकांनी बसविले आहे. साध्या बियरसाठी दर मिलिलिटर काढ्याला, त्यातील साखरेच्या दर टक्क्यामागे, साडेसात लाख पेशी. २० लिटर काढा आणि १२ टक्के साखर धरली तर हिशोब १८,००० कोटी पेशींचा येतो. दुकानातील द्रवरूप यीस्टच्या पाकिटात ताज्या असताना जेमतेम १०,००० कोटी असतात, आणि शीतपेटीत पडून राहिल्या की त्याही आठवड्यागणिक मरत जातात.

म्हणजे अपुरे मजूर घेऊन पाळी चालवावयाची! माझ्यासारख्याला हे लगेच कळते. अपुऱ्या पेशींवर सारा भार पडला की त्या थकतात, काम अर्धवट टाकतात, नको ते वास सोडतात. उपाय असा की आधी लहानसा काढा करून त्यात यीस्टची संख्या वाढवावी. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम माल्टची भुकटी, दहा-पंधरा मिनिटे उकळी, मग पूर्ण निववून त्यात पाकीट ओतावयाचे.

पण भांडे स्वस्थ ठेवले तर यीस्ट तळाशी बसते. बसलेल्या थराच्या खालच्या पेशींना अन्न पोहोचत नाही, आणि काढ्यात कार्बन डायऑक्साइड वायू साठून राहतो. सतत ढवळले की पेशी तरंगत्या राहतात, वायू निघून जातो, आणि वरच्या ताज्या हवेतील थोडा प्राणवायू आत उतरतो. पेशीला आपले आवरण बांधण्यासाठी लागणारे काही पदार्थ प्राणवायूवाचून तयार करता येत नाहीत; म्हणून तो हवा. येथे एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. हवा मिळाली की यीस्ट नुसते वाढते, मद्य करीतच नाही, असे पुष्कळ हौशी सांगतात. ते खरे नाही. इतक्या गोड काढ्यात यीस्ट हवेतही मद्य करते.

मग रवी घालून घुसळावे काय? रवी घालावयाची तर तोंड उघडले पाहिजे, आणि तोंड उघडले की जंतू शिरलेच. काच न फोडता, झाकण न काढता आतला पदार्थ फिरविण्याची युक्ती चुंबकाची. भांड्याच्या आत टेफ्लॉनने मढविलेली चुंबकाची लहान कांडी, आणि बाहेर, तळाखाली, फिरते चुंबक. बाहेरचे फिरले की आतली कांडी त्याच्या मागोमाग फिरते. या कल्पनेचे पेटंट अमेरिकेत १९१७ साली रिचर्ड स्ट्रिंगहॅम यांनी घेतले, आणि १९४४ साली आर्थर रोझिंजर यांनी आजच्या धर्तीच्या यंत्राचे घेतले. रसायनशाळेत हे यंत्र आज सर्वत्र दिसते, पण विकत घ्यावयाचे तर छंदाच्या मानाने महाग. म्हणून हौशी लोकांनी ते भंगारातून उभे केले. मोडक्या संगणकातील १२ व्होल्टचा थंडावा देणारा पंखा, निकामी हार्ड डिस्कमधील जबर ताकदीचे चुंबक, टाकून दिलेल्या टेलिफोनचा चार्जर, वेग कमीजास्त करण्यास एक बदलता रोध, आणि सिगारची रिकामी लाकडी पेटी. पंख्याच्या मध्यावर चुंबक चिकटवावयाचे आणि पेटीच्या झाकणाखाली पंखा असा बसवावयाचा की चुंबक झाकणाला घासणार नाही, पण दूरही राहणार नाही. झाले यंत्र.

विज्ञान असे घरोघर गेल्याचे मला अप्रूप वाटते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. त्याच साली कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या मालकांनी, जाकोबसेन यांनी, आपली प्रयोगशाळा स्थापिली. तेथे एमिल हान्सेन यांनी १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविले. जाकोबसेन यांनी ते गुपित कुलपात न ठेवता इतर कारखानदारांना देऊन टाकले. मालकवर्गाची स्तुती माझ्या तोंडून क्वचितच ऐकाल, पण ही करतो.

आता माझी फजिती. पुतण्याने पेटी शोधीपर्यंत मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन पंखा बसविला. तीस वर्षे मोटारी गुंडाळल्या, आणि एवढे सुचले नाही! पत्रा लोखंडाचा. चुंबक झाकणाकडेच ओढले जाऊन पंखा जागच्या जागी थरथरू लागला, आणि चुंबकाचा जो काही जोर होता तो पत्र्यातच जिरला. वर ठेवलेली कांडी डुलेनाही. पुतण्या म्हणाला, "काका, युनियनचा संप झाला वाटतं." लाकडी पेटी आल्यावर पंखा फिरला, पण कांडी क्षणभर फिरून बाजूला उडे. चुंबक मध्यापासून भातुकलीच्या चुलीइतके नव्हे, चांगले दोन-तीन मिलिमीटर सरकलेले होते. गोंद खरवडून पुन्हा लावले. दोन सुटी चुंबके लावावयाची असतील तर एकाचे उत्तर टोक वर आणि दुसऱ्याचे दक्षिण टोक वर हवे. दोन्ही सारखी लावली तर कांडीचे एक टोक ओढले जाते आणि दुसरे ढकलले जाते. भांडेही सपाट बुडाचे हवे. मध्ये फुगीर बूड असले की कांडी घसरते. शंकूच्या आकाराचा चंबू उत्तम. पंखा कमी व्होल्टवर सुरू होत नाही, म्हणून आधी पुरता प्रवाह देऊन मग वेग उतरवावा. पाण्यावर लहानशी खळी पडली की पुरे. मोठा भोवरा करून काही अधिक मिळत नाही.

तोंडावर बूच मारावयाचे नाही, उकळत्या पाण्यातून काढलेला अॅल्युमिनियमचा कागद सैल घालावयाचा, म्हणजे वायू बाहेर जाईल आणि धूळ आत पडणार नाही. चोवीस ते छत्तीस तासांत काढा दुधट होतो. मग चंबू शीतपेटीत ठेवला की यीस्ट तळाशी साय धरल्यासारखे बसते. वरचे पाणी म्हणजे शिळी, बेचव बियर. ते ओतून द्यावयाचे आणि तळातले तेवढे मोठ्या भांड्यात घालावयाचे. ओतताना कांडीही त्याबरोबर आत जाते, आणि मग वीस लिटरांत ती शोधीत बसावे लागते. म्हणून दुसरे एक चुंबक चंबूच्या बुडाशी बाहेरून धरून ठेवावे.