सोडायला हवा लागते

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर पहाटे ट्रक सुरू होतात, पण लगेच हलत नाहीत. इंजिन चालू, ड्रायव्हर सीटवर, डोळे हवेच्या काट्यावर. काटा पुरेसा चढला की तो हँडब्रेकची छोटी दांडी खाचेतून उचलतो आणि पुढे ढकलतो. फुस्सकन आवाज येतो, आणि मगच लोखंडाच्या कॉइल लादलेलं ते धूड पुढे सरकतं.

घाईच्या वेळी ही थांबणूक जिवावर येते. पण तिच्यामागची अक्कल कळली की थक्क व्हायला होतं. आपल्याला वाटतं, हवा ब्रेक लावते. पायाच्या ब्रेकचं तसंच आहे. हँडब्रेकचं मात्र नेमकं उलट! मागच्या चाकांजवळच्या गोल डब्यात एक जबरदस्त स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ब्रेक लावते ती स्प्रिंग; हवेचं काम तिला मागे रेटून ब्रेक सोडवण्याचं. ३० नंबरच्या डब्यात हवा सुमारे ३० चौरस इंचांवर दाब देते. दर चौरस इंचाला ९० पौंड धरले तर हा रेटा २,७०० पौंड, म्हणजे बाराशे किलोच्या वर जातो. एवढं बळ नुसत्या हवेचं!

म्हणूनच बोरघाट उतरताना हवेचा पाइप फुटला, तर दाब घसरताच स्प्रिंग आपणहून ब्रेक आवळते. बिघाड झाला की ब्रेक लागलाच पाहिजे, हा विचार रेल्वेतून आला. जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या १८६९च्या पहिल्या एअर ब्रेकमध्ये नळी तुटली की ब्रेकच जायचा. १८७२मध्ये त्याने रचना उलटी केली: नळीतला दाब उतरला की ब्रेक लागणार.

हवा गेलेला ट्रक मग जागचा हलत नाही. मेकॅनिक आधी चाकांखाली दगड लावतो, मग डब्यामागचा बोल्ट पान्याने फिरवून स्प्रिंग मागे ओढून धरतो. तो डबा उघडायला मात्र कोणी जाऊ नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते.

ट्रकचा हा अवघडपणा मला मान्य आहे, कारण त्याला कारण आहे. मोटारींच्या बाबतीत मात्र मला राग येतो. जुन्या जीपमध्ये डॅशबोर्डखालची मूठ पिळून सोडायची. काही गाड्यांत पायाने लावायचा आणि गुडघ्याजवळची कडी ओढून सोडायचा. आता बटणं आली. बहुतेक गाड्यांत बटण ओढलं की ब्रेक लागतो, तर काही जर्मन गाड्यांत ओढलं की सुटतो. अनोळखी गाडीत, अंधारात, चढावर माणसाने काय करायचं?

नेहमीच्या दांडीचं बटण अडतं, त्यालाही साधं कारण आहे. आत दातेरी पट्टी असते आणि तिच्या दातात एक खिटी अडकलेली असते. केबलचा सगळा ताण त्या खिटीवर येतो, म्हणून अंगठ्याने कितीही दाबा, ती निघत नाही. दांडी आधी किंचित वर उचला. ताण खिटीवरून हातावर येतो आणि बटण अलगद दबतं.

नवी गाडी घ्यायला गेलात की शोरूममध्ये मायलेज जरूर विचारा, पण हँडब्रेक न पाहता, नुसत्या हाताने लावून-सोडून बघा. हात चाचपडला, तर विक्रेत्याला तिथल्या तिथे सांगा.