दिव्याचा झोत आणि समोरच्याचे डोळे

हल्लीं खेडोपाडीं डांबरी सडका झाल्या, ट्रॅक्टर, जीप, पिकअप व मोटारसायकली दारोदार आल्या, आणि त्यांबरोबर रात्रीची वाहतूकही वाढली. भाजीपाला पहांटेच्या बाजारास पोंचवावयाचा म्हणजे मध्यरात्रीं निघावें लागतें. उसाच्या हंगामांत तर कारखान्याच्या वाटेवर रात्रभर गाड्यांची रीघ असते. अशा वेळीं गाडीचा मूळचा दिवा मंद भासतो व त्याहून प्रखर दिवा बसवावा असें मनांत येतें. तें येणें गैर नाहीं. परंतु प्रखर दिवा तो चांगला दिवा असें मात्र नव्हे. आणि हें मला ज्या प्रसंगानें कळलें तो प्रथम सांगणें प्राप्त आहे.

कांदा बाजारांत नेण्याकरितां मीं एक जुनी जीप घेतली होती. तिचे दिवे पिवळट व मंद. जिल्ह्याच्या ठिकाणीं एका दुकानदारानें मूळचे बल्ब काढून त्याच जागीं एलईडी बल्बांची जोडी बसवून दिली. दुकानासमोरील भिंतीवर लख्ख उजेड पडलेला पाहून मी खूष झालों. तिसऱ्या कीं चौथ्या रात्रीं गांवाबाहेरील वळणावर समोरून येणारी मोटारसायकल एकाएकीं सडक सोडून चारींत गेली. उतरून पाहतों तों आमच्या भावकींतलाच मुलगा, मनगट मोडून घेतलेला. तो एवढेंच म्हणाला, "काका, दिवा दिसला आणि रस्ता नाहींसा झाला." त्या वेळीं मीं डिपर दिलेला होता. डिपर देऊनही असें कां व्हावें, हें मला उमजेना. म्हणून पुढें या गोष्टीचा तपास केला.

आपल्याकडील पुष्कळ गाड्यांत एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. त्यांत दोन तारा असतात, एक ६० वॅटची व एक ५५ वॅटची. पहिली तार मागच्या खोलगट आरशाच्या बरोबर केंद्रस्थानीं असते, म्हणून तिचा प्रकाश सरळ व दूर जातो, हा अप्पर. दुसरी तार केंद्राच्या किंचित् पुढें असून तिच्या खालीं धातूची एक लहानशी वाटी बसविलेली असते. ही वाटी प्रकाश आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडूंच देत नाहीं. वरच्या अर्ध्या भागावरून परतलेला प्रकाश तेवढा खालीं रस्त्याकडे वळतो, हा डिपर. भिंतीवर डिपरचा झोत पाडला तर वर अंधार व खालीं उजेड यांमध्यें जी स्पष्ट रेघ दिसते ती या वाटीची करामत होय. आपण डावीकडून चालतों, म्हणून ही रेघ डाव्या बाजूस थोडी वर चढविलेली असते, जेणेंकरून कडेचा पादचारी दिसावा.

आतां या सर्व रचनेंत तारेची जागा व आकार हे मिलिमीटरच्या हिशेबानें धरलेले असतात. एलईडीचे चपटे दाणे पट्टीच्या दोन बाजूंस चिकटविलेले असतात; ते त्या बारीक तारेच्या जागीं तंतोतंत बसत नाहींत. मग आरशास भलत्याच ठिकाणाहून प्रकाश मिळतो, रेघ पुसट होते व उजेड वर उधळतो. माझ्या जीपचें हेंच झालें होतें. हॅलोजनच्या घरांत झेनॉन बल्ब घातला तरी परिणाम हाच. जी गाडी कारखान्यांतूनच एलईडी दिवा घेऊन येते तिची गोष्ट निराळी. तिचा दिवा त्या दाण्यांकरितांच घडविलेला असतो. जर्मनींत सन २०२० पासून बदलण्याचे कांहीं एलईडी बल्ब मान्य झाले आहेत, पण तेही प्रत्येक गाडीचा दिवा तपासून, ठराविक गाड्यांपुरतेच.

दिपलेला डोळा पुन्हां अंधारास सरावण्यास कांहीं सेकंद घेतो. वय झालेल्यास व मोतीबिंदू धरूं लागलेल्यास अधिक. ताशीं ६० किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. पांच सेकंद डोळे दिपले असें धरलें तर ८० मीटरांहून अधिक वाट ती आंधळेपणानें कापते. तेवढ्यांत बैलगाडी, सायकलस्वार, रस्त्यांत बसलेलें जनावर, कांहींही असूं शकतें.

तर मग उजेड वाढवावा कसा? माझें मत असें कीं, नवा बल्ब घेण्यापूर्वीं जुन्या दिव्यास त्याचा पुरता हक्क मिळतो कीं नाहीं हें पाहावें. हल्लींच्या दिव्यांची कांच ही खरोखर कांच नसून पॉलिकार्बोनेट असतें. तें उन्हानें पिवळें व धुरकट होतें. असें भिंग प्रकाश अडवितें आणि उरलेला चोहोंकडे फांकवितें. तें घासून चकाकविल्यास दुहेरी लाभ होतो. नंतर वायरिंग. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, प्रथम बॅटरीच्या टोंकांवर व मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टमीटर लावावा. बॅटरीवर १४ व्होल्ट व होल्डरवर १२.६ भरले तर दाब शेंकडा १० नें उतरला. परंतु हॅलोजनचा प्रकाश तेवढ्यानें शेंकडा ३० कमी होतो. गंजलेलें अर्थिंग, सैल होल्डर, बारीक तारा हीं याचीं कारणें. जाड तार व रिले घालून घेतला म्हणजे तोच बल्ब नव्यासारखा दिसूं लागतो. माझ्या जीपचा रोग बव्हंशीं हाच होता, आणि दुकानदारानें तो पाहिलाही नाहीं, मींही विचारलें नाहीं.

तिसरी गोष्ट झोताची उंची. सपाट जागीं, चाकांत हवा बरोबर भरून, गाडी भिंतीपासून १० मीटरांवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनें मांडावी. डिपरची रेघ या खुणेच्या सुमारें १० सेंटिमीटर खालीं यावी. दिवा ७५ सेंटिमीटर उंच असेल तर ही रेघ ७५ मीटरांवर जमिनीस टेकते. दिव्यामागील स्क्रू फिरवून हें काम अर्ध्या तासांत होतें.

पण आम्हां शेतकऱ्यांची गाडी रिकामी क्वचितच असते, आणि खरी गफलत येथेंच होते. पोत्यांनीं मागची बाजू ५ सेंटिमीटर दबली व पुढच्या-मागच्या चाकांत २४० सेंटिमीटर अंतर असलें तर गाडीचें तोंड इतकें उचललें जातें कीं, १० मीटरांवर झोत २१ सेंटिमीटर वर चढतो. जी रेघ १० खालीं होती ती ११ वर आली. पन्नास मीटरांवर ती दिव्याच्या उंचीहून ५५ सेंटिमीटर, म्हणजे जमिनीपासून १३० सेंटिमीटर होते. मोटार चालविणाराचे डोळे त्याच्या आंतच येतात. बल्ब मूळचा, डिपर दिलेला, आणि तरीही समोरचा आंधळा! म्हणून झोत नेहमींच्या ओझ्यासह लावावा. ज्या गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आंकड्यांची चकती असते तींत ओझें वाढेल तसा आंकडा वाढवावा. ही चकती पुष्कळांनीं कधीं फिरविलेलीच नसते.

इतकें करूनही बल्ब बदलावयाचाच असेल तर एच-४ चाच, ६०/५५ वॅटचा, चांगल्या प्रतीचा घ्यावा व दोन्ही एकदम बदलावे. बाजारांत १००/९० वॅटचे मिळतात. ते सुमारें ८ अँपिअर वीज ओढतात, जेथें मूळचा ५ च्या आंत ओढतो. स्विच व होल्डर वितळतात, आणि असले बल्ब रस्त्यावर वापरण्यास परवानगीही नाहीं. निळसर बल्बाच्या कांचेवर रंगाचा थर असतो व तो प्रकाश गिळतो, वाढवीत नाहीं.

कायद्याचें म्हणाल तर सन १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम सांगतो कीं, दिव्यापासून ८ मीटरांवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसास दिवा दिपवूं शकणार नाहीं असा झोत खालीं वळविलेला असला पाहिजे. पूर्वीं दिव्यावर काळा ठिपका रंगवीत. तो या बेतानेंच.

माझ्या जीपमध्यें आतां पुन्हां ६०/५५ वॅटचेच बल्ब आहेत व नवीन रिले आहे. रस्ता पूर्वींहून चांगला दिसतो. मुलाचें मनगट जुळलें, पण त्या हातानें दूध काढतांना तो अजून थांबतो.

शेवटीं ट्रॅक्टरवाल्यांस एक विनंती. नांगरटीकरितां मडगार्डवर मागें तोंड करून जो दिवा लावलेला असतो तो सडकेवर येतांच विझवावा. मागून येणारास तो समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा भासतो, आणि त्याखालची ट्रॉली त्यास दिसतच नाहीं. ट्रॉलीच्या मागें लाल व बाजूंस पिवळी परावर्तक पट्टी मात्र अवश्य लावावी, व हंगामांत दर आठवड्यास तिच्यावरील चिखल पुसावा.