आधी शब्द, मग आकडे

गणिताची प्रश्नपत्रिका हातात पडली की तुम्ही आधी काय शोधता? बेरीज, वजाबाकी, गुणाकार. चार ओळींचे शाब्दिक उदाहरण दिसले की पान उलटता. पुष्कळ मुलांना वाटते की आपले गणितच कच्चे आहे. मी वह्या तपासतो तेव्हा मला वेगळेच दिसते. गुणाकार बरोबर असतो, भागाकारही बरोबर असतो. चुकलेले असते ते वाचन.

हे उदाहरण पाहा :

एका फळविक्रेत्याने २७ रुपये डझन या भावाने २० डझन केळी विकत घेतली. हमाली व गाडीभाडे मिळून ६० रुपये खर्च झाला. २४ केळी खराब निघाली. उरलेली केळी त्याने ४० रुपये डझन या भावाने विकली. तर त्याला शेकडा किती नफा किंवा तोटा झाला?

पेन्सिल खाली ठेवा. उदाहरण सावकाश वाचा आणि शेजारच्या मित्राला सांगावे तसे ते उर्दूत सांगून पाहा. जिथे अडाल, तिथला शब्द तुम्हांला समजलेला नाही. 'हमाली' अडली, तर आपल्या उर्दूतला 'हम्माल' आठवा. अर्थ लगेच कळेल. भाषा बदलली म्हणून उत्तर बदलत नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ संस्कृतात लिहिला. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ साली त्याचे फारसीत भाषांतर केले. गणित मात्र तेच राहिले.

आता शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. किती रुपये नफा झाला, एवढेच विचारलेले नाही. शेकडा किती, असे विचारले आहे. हे आधीच लक्षात घेतले नाही, तर मुले रुपयांपर्यंत येऊन थांबतात आणि हातचे गुण घालवतात.

मग प्रत्येक आकड्याजवळ थांबा आणि विचारा, हा आकडा कशाचा? २० हे डझन आहेत. २४ ही केळी आहेत. खरा घोटाळा इथेच होतो. एका वहीत मी '२४ − २० = ४' असे लिहिलेले पाहिले आहे! वजाबाकी बरोबर, पण ते ४ कशाचे? २४ केळी म्हणजे २ डझन. म्हणून विकली गेली ती १८ डझन.

आता पेन्सिल उचला. केळ्यांचे २७ × २० = ५४० रुपये आणि वरखर्च ६० रुपये, म्हणजे एकूण खर्च ६०० रुपये. विक्री १८ × ४० = ७२० रुपये. नफा १२० रुपये. शेकडा नफा घातलेल्या पैशांवर काढतात, म्हणजे ६०० वर, ७२० वर नव्हे. ६०० रुपयांवर १२०, तर १०० रुपयांवर २०. उत्तर : शेकडा २० नफा.

पडताळा घ्या. ६०० मध्ये १२० मिळवा, ७२० होतात. त्यांना १८ ने भागा. ४० रुपये डझन हा भाव पुन्हा मिळतो.

माझ्या वर्गातील एका मुलाने परीक्षेत असेच उदाहरण कोरे सोडले होते. त्याच आठवड्यात संध्याकाळी तो मला बाजारात अब्बांच्या हातगाडीवर दिसला. सकाळी ४० रुपये डझन असलेली केळी तो आता ३० रुपयांना देत होता. मी म्हणालो, "अरे, तोटा होईल ना?" तो म्हणाला, "नाही सर. भांडवल दुपारीच निघाले. आता जे येईल तो नफाच."

त्याचे बोलणे आपल्या आकड्यांवर तपासून पाहा. समजा, १५ डझन केळी ४० च्या भावाने विकली आणि शेवटची ३ डझन ३० च्या भावाने. पहिल्या १५ डझनांचे किती रुपये आले? आणि सगळा माल संपल्यावर शेकडा नफा किती झाला?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला हेच उदाहरण घातले. उत्तर त्याने तोंडी झटकन सांगितले. मग मी त्याला ते वहीत मांडायला लावले. 'एकूण खर्च' ही पहिली ओळ लिहायला त्याला सर्वांत जास्त वेळ लागला.